विचारा की! : वापरलेलं पॅड, डायपर, वाइप्स टाकायचं कुठं?

मागच्या अंकात ओल्या-सुक्या कचऱ्यावर थोडं लिहिलं होतं आणि खाली म्हटलं होतं की काही शंका असल्या तर बिनधास्त पाठवा. तर ओल्या-सुक्याबद्दल कुणी काहीच विचारलं नाही, जवळपास सगळी पत्रं बाथरूमच्या डब्याबद्दल आली. पॅड, डायपर, वाइप्स, रेझर. नावं छापू नका असं बहुतेकींनी लिहिलंय, दोन पुरुषांनी पण लिहिलंय, तर नाव कुणाचंच नाही, फक्त भाग देते.

ताई, आमच्या बिल्डिंगचं ड्रेनेज सारखं तुंबतंय. परवा चेंबर उघडलं तर आतनं पॅड निघाले, प्लंबरनं ते पार्किंगमध्ये फरशीवर मांडून ठेवले आणि सेक्रेटरी काकांनी त्याचा फोटो ग्रुपवर टाकला. आता सगळ्या जणी एकमेकींकडं संशयानं बघतेत. मला सांगा, एवढंसं पॅड फ्लश केल्यावर जात नाही का? आणि नाही जात तर घंटागाडीवाल्या पोराच्या हातात द्यायचं कसं, मला तर लाज वाटते. (जुळे सोलापूर)

पहिलं म्हणजे काकांना तो फोटो डिलीट करायला सांगा. कुणाच्या घरातलं आहे हे शोधून चेंबर साफ होत नाही.

आता पॅड. हातात घेतल्यावर एवढंसं वाटतं पण ते कोरडं असताना. वरचा मऊ थर कापसाचा वाटतो ना, बहुतेक पॅडमध्ये तो पॉलिप्रॉपिलीनचा असतो, म्हणजे प्लास्टिकच. खालचा थर, ज्यातनं डाग बाहेर येत नाही, तो पॉलिथिनचा. मध्ये लाकडाच्या लगद्याचा भुसभुशीत कापूस आणि त्यात साखरेसारखे बारीक दाणे, सोडियम पॉलिअक्रिलेट, ज्याला जाहिरातीत जेल म्हणतात. हे दाणे साध्या पाण्यात आपल्या वजनाच्या शेकडो पट पाणी ओढून घेतात. रक्तात, लघवीत क्षार असतात म्हणून तिथं कमी ओढतात, पण फ्लशचं पाणी साधंच असतंय की. म्हणजे तुम्ही फ्लश दाबला की ते पॅड पाइपात जाऊन आणखी फुगतं, पहिल्या वळणावर अडकतं, मागच्या चिकट पट्टीनं पाइपाला धरून बसतं आणि मग त्याच्यावर केस, साबणाचा थर, दुसरीचं पॅड असं जमत जातं. विरघळण्यासारखं त्यात काहीच नाही. ज्यांच्याकडं ड्रेनेज लाइन नाही, सेप्टिक टँक आहे, तिथं ते टाकीत पडून राहतं आणि मैला ओढायची गाडी आली की तिच्या पाइपात अडकतं, मग तो माणूस हात घालून काढतो.

तर फ्लश नाही म्हणजे नाही. टाकायचं कसं, तर वापरलेली बाजू आत घेऊन घट्ट गुंडाळी करा, कागदात बांधा, आणि कागदावर लाल पेननं मोठा ठिपका काढा. कागद कुठला? मेडिकलवाला पॅडचं पाकीट ज्या वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीत घालून देतो ना, जणू काय आपण गावठी पिस्तूल घेतलंय, तोच कागद. फेकून देऊ नका, घडी घालून बाथरूममध्ये ठेवा. लाल ठिपक्याची पद्धत पुण्यात स्वच्छ या कचरावेचकांच्या संस्थेनं चालवली, बंगळुरातही आहे, साधी आहे आणि फुकट आहे. कचरा वेगळा करणाऱ्याला पुडकं न उघडता कळतं आत काय आहे ते. काळ्या पिशवीत गाठ मारून टाकलं तर त्याला कळत नाही, तो बिचारा पिशवी फाडून बघतो, आत प्लास्टिकची बाटली असेल म्हणून.

ओल्या कचऱ्यात टाकू नका. कांद्याची सालं आणि पॅड एका डब्यात गेलं की दोन्ही बाद. आपल्या तुळजापूर रोडला भोगावच्या कचरा डेपोवर ओल्या कचऱ्यापासून गॅस करून वीज काढायचा प्रकल्प उभा केलेला आहे, ओला कचरा कुजून गॅस होतो, पॉलिथिन कुजत नाही, ते तिथं निवडून काढावं लागतं. २०१६ च्या घनकचरा नियमांत लिहिलेलं होतं की सॅनिटरी कचरा नीट गुंडाळून सुक्याच्या डब्यात द्या, आणि १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या नियमांत तर चार भागच केलेत : ओला, सुका, सॅनिटरी, आणि चौथा विशेष काळजीचा म्हणजे औषधं, बल्ब, रंगाचे डबे वगैरे. म्हणजे आता ही चोरून टाकायची गोष्ट राहिलेली नाही, तो कायद्यातला वेगळा डबा आहे. बिल्डिंगला सांगा, एक झाकणाचा डबा याच्यासाठी खाली ठेवा, त्याच्यावर लिहा, म्हणजे कुणाला पोराच्या हातात द्यायची वेळच येणार नाही. आणि रात्री बाहेर ठेवू नका, सकाळी ठेवा, रात्री कुत्री फाडतात आणि मग परत काकांचा फोटो.

ताई, आमच्याकडं पाणी चार-पाच दिवसाआड येतंय. सासूबाई म्हणतेत पॅड तसंच टाकायचं नाही, धुऊन टाकायचं, नाहीतर कुणीतरी उचलून करणी करतंय. मी बादली बादली पाणी घालवते. धुवायला पाहिजे का खरंच? (साखर पेठ)

नाही. अजिबात नाही.

कपडा वापरायचो तेव्हा धुणं बरोबर होतं कारण तो परत वापरायचा होता. हे फेकायचं आहे. तुम्ही धुवायला लागलात की आतले ते दाणे पाणी पिऊन फुगतात, पॅड फाटतं, चिकट बुळबुळीत जेल मोरीत जातं आणि जाळीत बसतं. पॅडचं वजन आधीच्यापेक्षा किती तरी वाढतं, ओला गोळा कागदात बांधला की कागद फाटतो. आणि उजनीचं पाणी, तेही दिवसांच्या हिशोबानं येणारं, फेकायच्या वस्तूवर ओतायचं, हे मला तरी पटत नाही.

सासूबाईंची भीती हसण्यावारी नेऊ नका, त्यांना वाद घालून पटणार पण नाही. त्यांना सांगा की कागदात घट्ट बांधून, दोरा गुंडाळून देते, कुणाला दिसणारच नाही. त्यांचं निम्मं समाधान तिथं होतं. उरलेलं निम्मं सून जाणे.

आम्ही पाणी तापवायच्या बंबात जाळतो. वास येतो थोडा पण राख होऊन जाते, कुणाच्या हातात जायचा प्रश्नच नाही. शिवाय माझ्या शाळेत पण मुलींसाठी जाळायचं मशीन बसवलंय, मग घरी जाळलं तर काय बिघडलं? (शिक्षिका, अक्कलकोट रोड)

बाई, तुमचं पत्र वाचून मला वाटलं निम्मं सोलापूर हेच करत असणार, कारण बंब अजून घराघरात आहे आणि त्यात चिंध्या, खोकी, प्लास्टिकच्या पिशव्या सगळंच जातं.

बिघडतं ते असं. ओलं पॅड विस्तवावर टाकलं की आधी त्यातलं पाणी वाफ होऊन जातं, तोपर्यंत आग मंदावते, आणि मंद आगीत प्लास्टिक नीट जळत नाही, धुमसतं. तो जो थोडा वास तुम्ही म्हणताय तो त्याचाच. असल्या अर्धवट जळण्यात डायॉक्सिन, फ्युरान असले विषारी पदार्थ तयार होऊ शकतात, विशेषतः बरोबर क्लोरीन असलेलं काही जळत असेल तर, म्हणजे पीव्हीसीचा तुकडा, रेक्झिन, वायरचं आवरण, आणि बंबात ते असतंच. हे पदार्थ शरीरात चरबीत साठून राहतात, लवकर जात नाहीत. बंब असतो न्हाणीघरात नाहीतर त्याच्या दारात, धूर तुमच्याच छातीत जातोय, आणि पोरं तिथंच अंघोळीला थांबलेली.

शाळेतल्या मशीनचं म्हणाल तर मशीन म्हणजे नुसता हीटर लावलेला डबा नाही पाहिजे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत ८०० अंशाच्या वर तापमान पाहिजे असं आहे. दवाखान्याच्या कचऱ्याच्या मोठ्या भट्टीत तर दुसऱ्या कप्प्यात १०५० अंशाच्या आसपास ठेवावं लागतं आणि धूर तिथं किमान दोन सेकंद थांबवावा लागतो. आता भिंतीवर टांगलेलं छोटं मशीन, मधल्या सुट्टीत मुलींनी एकामागून एक टाकलेलं, धुराडं खिडकीच्या बाहेर एक वीत, ते कितीवर तापतंय हे कुणी बघितलंय का? तुम्ही शिक्षिका आहात तर विचारा. मशीनच्या पाटीवर तापमान लिहिलेलं असतं का, एका वेळी किती टाकायचे हे मुलींना सांगितलंय का, धुराडं छताच्या वर गेलंय का आणि राख कोण काढतं. राखेत न जळालेले पिवळट तुकडे दिसले तर मशीन भरवलं जास्त जातंय किंवा तापतच नाहीये. शाळेत मशीन नकोच असं मी म्हणत नाही, संडासात पॅड टाकण्यापेक्षा आणि मुलींनी चार दिवस शाळाच बुडवण्यापेक्षा बरंच. पण नीट नसेल तर झाकणाचा डबा आणि रोज तो नेणारं माणूस हे जास्त भरवशाचं.

माझी आई कचरा निवडायचं काम करते. मला प्रश्न नाही विचारायचा, फक्त लिहा की लोकांनी डायपर उघडं टाकू नये. आई घरी आली की जेवत नाही कधी कधी. (तुळजापूर रोड)

हे पत्र एका बारावीतल्या मुलीचं आहे. चार ओळींचंच आहे, मी तसंच छापलंय.

तिच्या आईच्या हातात काय येतं ते मी एकदा उभी राहून बघितलंय. पिशवी फाडली की वर भाजीचा चिखल, त्यात उघडं डायपर, फुगून उशीसारखं झालेलं, बाजूची इलॅस्टिकची कड तुटून आतला जेल बाहेर आलेला आणि तो बाटल्यांना, कागदाला, सगळ्याला चिकटलेला. म्हणजे जे विकून चार पैसे आले असते ते पण गेलं. हातमोजे असले तरी उन्हाळ्यात ४२-४३ अंशात कोण घालून बसणार, घामानं हात सोलतात, मग काढून ठेवतात.

२०१३ मध्ये पुण्यातल्या कचरावेचक बायकांनी याच रागातनं वापरलेल्या पॅडच्या पिशव्या भरून थेट पॅड बनवणाऱ्या कंपन्यांना पाठवून दिल्या होत्या, घ्या तुमचं तुम्हाला म्हणून. त्यानंतर २०१६ च्या नियमांत आलं की कंपनीनं प्रत्येक पॅड आणि डायपरबरोबर टाकायला पाकीट द्यावं, नाहीतर पुन्हा प्रक्रिया करता येईल (रिसायकल होईल) असा माल वापरता येतो का ते बघावं. काही कंपन्या देतात. बऱ्याचशा पाकिटात मला ते सापडत नाही. आणि देतात ते पण प्लास्टिकचंच, म्हणजे प्लास्टिक टाकायला प्लास्टिक, हे मला विशेष आवडलेलं नाही, वर्तमानपत्र पुरतं.

आमच्या नातवाला सूनबाई दिवसभर डायपर घालते. आमच्या वेळी दुपटी-लंगोट होते, दिवसाला वीस वीस धुतलेत मी. मी म्हणाले तर म्हणते आई तुम्हाला धुवायला काय जातंय. तुम्हीच सांगा. (एक आजी, भवानी पेठ)

आजी, नमस्कार. मी सूनबाईच्या बाजूनं पण थोडं बोलणार आहे, रागवू नका. वीस लंगोट धुणं हे काम होतं आणि ते तुम्ही केलंत, तेव्हा कुणी विचारलं पण नसेल कंबर दुखते का म्हणून. सूनबाई नोकरीला जात असेल, पाणी रोज नसेल, तर तिनं सगळे लंगोट धुवावेत असं मी म्हणणार नाही.

पण हिशोब करू. दिवसाला ४ डायपर धरले तर वर्षाला १४६० होतात. एका पोराचे. बाळ अडीच वर्षांचं होईपर्यंत साडेतीन हजारांच्या पुढं. प्रत्येकात पॉलिप्रॉपिलीन, पॉलिथिन, इलॅस्टिक, तोच जेल. आता दिवसा घरी कापडी आणि फक्त रात्री एक डायपर असं केलं तर वर्षाचे ३६५ वर येतात, पैसे पण वाचतात आणि बाळाच्या मांड्यांना हवा लागते, सोलापूरच्या उन्हात ते रॅश किती येतात हे तुम्हाला सांगायला नको. आणि कापड आपल्याकडं नाही तर कुणाकडं असणार, टर्किश टॉवेलचं गाव आहे हे. कारखान्याच्या दुकानात सेकंडचे टॉवेल वजनावर मिळतात, मऊ बघून घ्यायचे, चौकोनी तुकडे कापून कडेनं शिलाई मारायची, आतनं टॉवेल आणि वरनं सुती. चादर घेऊ नका, चादर जाड, वाळता वाळत नाही.

डायपर वापरलंच तर एक काम सूनबाई, आजी, आजोबा, कुणीही करा : आतली शी आधी संडासात झटकून पाणी ओता. ती कचऱ्याच्या गाडीची नाही, ड्रेनेजची आहे. मग डायपर पुढून मागं गुंडाळून त्याच्याच चिकटपट्ट्या घट्ट लावा, गोळा होतो, उघडत नाही. मग कागद, लाल ठिपका. एवढं केलं तर वरच्या पत्रातल्या मुलीच्या आईचं काम निम्मं होतं.

वडील पॅरालिसिसनं अंथरुणावर आहेत, दिवसाला तीन-चार मोठे डायपर लागतात. आमचा कचराच डबाभर होतो, गाडीवाला कुरकुर करतो. मी काय वेगळं करू? (विजापूर रोड)

दादा, तुम्ही वेगळं काही करायची गरज नाही आणि अपराधी पण वाटून घेऊ नका. आजारी माणसाला कापडी वापरा असं मी कधीच सांगणार नाही, अंगावर जखमा होतात. गुंडाळून, पट्टी लावून, वेगळ्या पिशवीत द्या एवढंच. अंथरुणावर घालायची निळी शीट पण त्यातच. मात्र इंजेक्शनच्या सुया, शुगरच्या पट्ट्यांबरोबरच्या टोचायच्या पिना यात टाकू नका, त्या झाकणाच्या जाड प्लास्टिकच्या डब्यात साठवा आणि तो डबा वेगळा, सांगून द्या. दवाखान्यात असताना नर्स पिवळ्या पिशवीत टाकायच्या ते आठवत असेल, ती दवाखान्याची वेगळी व्यवस्था असते, घरातला कचरा त्या गाडीत जात नाही.

पाकिटावर बायोडिग्रेडेबल लिहिलेलं पॅड घेतलं तर चालतंय ना मग कुठंही टाकलं तर? आणि कप वगैरे जे निघालंय ते खरंच चांगलं असतं का? (कॉलेज विद्यार्थिनी, होटगी रोड)

कुठंही टाकलं तर कुठलंच चालत नाही गं.

बायोडिग्रेडेबल हा शब्द फार सैल वापरतात. काही पॅड खरोखर केळीच्या, बांबूच्या धाग्याचे आणि वनस्पतीजन्य फिल्मचे असतात, ते नीट खतखान्यात, उष्णता-ओलावा मिळाला तर कुजतात. पण ते जर डेपोच्या ढिगात बाकीच्या प्लास्टिकखाली दाबून पडलं तर तिथं ना हवा ना काही, कुजायचा प्रश्न पुढचा. काहींवर ऑक्सो-बायोडिग्रेडेबल लिहिलेलं असतं, त्यात प्लास्टिकच असतं, फक्त ते लवकर तुकडे व्हावं म्हणून त्यात काहीतरी मिसळलेलं असतं, आणि तुकडे होणं म्हणजे कुजणं नाही, बारीक प्लास्टिक मातीत गेलं की ते वेचता पण येत नाही. युरोपनं ऑक्सो प्रकारच्या प्लास्टिकवर २०२१ पासून बंदीच घातलीये. जनऔषधी दुकानात एक रुपयाला एक मिळणारं सुविधा पॅड ऑक्सो प्रकारातलं आहे. तरी ज्या मुलीला पॅडच परवडत नाही तिनं ते जरूर घ्यावं, त्यात मला काही गैर वाटत नाही, फक्त मातीत पुरू नये, बाकीच्यासारखंच गुंडाळून द्यावं. आणि हो, पाकिटावर कॉटन-सॉफ्ट, कॉटनी फील असलं लिहिलेलं असलं तरी त्यात कॉटन असेलच असं नाही, मागं बारीक अक्षरात बघ.

ते ५०० वर्षं, ८०० वर्षं टिकतं असे आकडे तू रीलमध्ये ऐकले असशील. ते कुणी बसून मोजलेले नाहीत, पॉलिथिन बाजारात येऊन अजून शंभर वर्षं पण झालेली नाहीत. खूप काळ टिकतं एवढं खरं, आणि तेवढं पुरे आहे.

कप. चांगला असतो, बऱ्याच जणींना जमतो, काहींना नाही जमत. वैद्यकीय दर्जाच्या सिलिकॉनचा घे, कंपनीप्रमाणं पाच ते दहा वर्षं चालतो. २०१९ मध्ये लॅन्सेट पब्लिक हेल्थमध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा आला, त्यात कप सुरक्षित आहे आणि सवय झाल्यावर साधारण ७० टक्के बायका तोच पुढं वापरायला तयार होत्या असं निघालं. केरळात कुंबळंगी नावाचं गाव आहे, तिथं हजारो कप वाटले आणि २०२२ मध्ये देशातलं पहिलं सॅनिटरी नॅपकिनमुक्त गाव म्हणून ते जाहीर झालं. साधा हिशोब, पाळीला १२ पॅड धरले तर वर्षाला दीडशेच्या आसपास होतात, कप पाच वर्षं टिकला तरी साडेसातशे पॅड कचऱ्यात गेले नाहीत.

आपल्या गावाला कप एका कारणानं जास्त बरा, पाणी. कापडी पॅड धुवायला बादली तरी लागते, कपाला तांब्याभर पुरतं आणि पाळी संपल्यावर एकदा वेगळ्या भांड्यात पाच-सात मिनिटं उकळायचा. भांडं वेगळंच ठेव, चहाच्या भांड्यात उकळलास तर घरात जे होईल त्याला मी जबाबदार नाही. तांबी (कॉपर-टी) बसवलेली असेल तर डॉक्टरला विचारून मगच, काढताना तिचा दोरा ओढला जाऊ शकतो.

कापडी वापरणार असशील तर आधी गार पाण्यात भिजव, गरम पाण्यानं रक्ताचा डाग पक्का बसतो, आणि उन्हात वाळव. ऊन आपल्याकडं भरपूर आहे पण वाळत घालतात कुठं, तर परकराच्या खाली, माळ्यावर, दाराच्या मागं. दमट राहिलेला कपडा घालण्यापेक्षा विकतचं पॅड बरं. गच्चीवर सरळ दोरीवर टाक, बघणाऱ्याला रुमाल वाटेल नाहीतर वाटू दे काही वाटायचं ते.

माझा यंत्रमाग आहे. मिसेस बाळासाठी वेट वाइप्स आणते, म्हणते कापडच आहे, संडासात टाकते. कापड आहे का ते? (अशोक चौक)

दादा, तुम्ही सूतवाले, तुम्हाला मी काय सांगू. सूत कॉटन आहे का पॉलिस्टर ते बघायला तुम्ही काय करता, टोक जाळता. तेच करा. वाइप उन्हात पूर्ण वाळवा, चिमट्यात धरून कोपरा पेटवा. कागद जळाल्यासारखा वास आणि हातानं चुरडेल अशी राख राहिली तर सुती किंवा व्हिस्कोस. आकसून काळा कडक मणी झाला तर प्लास्टिक. दोन्ही झालं तर मिक्स, आणि तुम्हाला बहुतेक मिक्सच दिसेल.

आणि फ्लशचं कळायला अजून सोपं, एका बाटलीत वाइप आणि दुसरीत टिश्यू पेपर घालून पाणी भरून हलवा. टिश्यूचा लगदा होईल, वाइप जशीच्या तशी निघेल. सुती असली तरी. लंडनमध्ये २०१७ मध्ये व्हाइटचॅपलच्या गटारात वाइप्स आणि तेलकट चरबीचा मिळून अडीचशे मीटर लांब, १३० टनाचा गोळा सापडला होता. आपली गटारं त्यांच्यापेक्षा किती अरुंद ते पावसाळ्यात दिसतंच. घरी असताना बाळाला ओला रुमाल पुरतो, वाइप्स प्रवासाला ठेवा.

हुतात्मा एक्सप्रेसनं दर आठवड्याला पुण्याला जाते. गाडीत बदलायची वेळ आली तर काय, खाली तर रुळावरच पडतंय ना सगळं? (कुमठा नाका)

आता नाही पडत, डब्याखाली बायोटॉयलेटच्या टाक्या आहेत, त्यात जिवाणू घाण पचवतात. पॅड, बाटली, गुटख्याची पुडी पचवत नाहीत, टाकीचं तोंड अडतं आणि मग कुर्डुवाडीपर्यंतच त्या संडासात जाणं मुश्किल. टॉयलेटमध्ये डबा असला तर गुंडाळून त्यात, नसला तर पर्समध्ये एक रिकामी झिपची पिशवी ठेवत जा आणि घरी आणा.

इयरबड, रेझर, ब्रश, शाम्पूच्या पुड्या यांचं पण सांगा की एकदाच. (सात रस्ता)

प्लास्टिकच्या काडीचे इयरबड १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहेत, तरी कुठं कुठं मिळतात, घेऊ नका. कागदाची किंवा लाकडाची काडी बघा. कानात घालूच नका असं कानाचे डॉक्टर सांगतात ते वेगळं.

वापरून फेकायचं रेझर म्हणजे प्लास्टिक आणि पातं एकत्र चिकटवलेलं, भंगारवाला घेत नाही, आणि निवडणाऱ्याचं बोट कापतं. आजोबा वापरायचे तसलं स्टीलचं दाढीचं मशीन घ्या, पातं तेवढं बदलायचं, जुनी पाती औषधाच्या पत्र्याच्या डबीत साठवायची, डबी भरली की चिकटपट्टी लावून भंगारात. बांबूचा ब्रश घेतला तरी त्याचे केस बहुतेक नायलॉनचेच असतात, ते पक्कडीनं उपटून सुक्यात आणि दांडा बंबात चालेल, तो लाकूडच आहे.

शाम्पूच्या पुड्या सगळ्यात वाईट, दोन-तीन थर एकमेकांवर चिकटवलेले असतात म्हणून पुन्हा वितळवून काही करता येत नाही. गुटखा, पानमसाल्याच्या प्लास्टिक पुडीला २०१६ च्या प्लास्टिक नियमांत बंदी आहे, शाम्पूच्या नाही. मोठी बाटली परवडत असेल तर तीच घ्या. रुपया-दोन रुपयांची पुडीच परवडते अशी घरं आहेत, त्यांना मी काय बोलणार, पण पुडी फोडताना कोपरा पूर्ण तोडू नका, अर्धा फाडून लटकता ठेवा. तो नखाएवढा तुकडा मोरीच्या जाळीतनं सरळ खाली जातो, अख्खी पुडी निदान डब्यात तरी पडते.